हाती बंदूक दिलेली मुले : आबोकेपासून गडचिरोलीपर्यंत

जून महिन्यात शाळा उघडतात आणि चाळीसगावच्या रस्त्यांवर नवी दप्तरे दिसू लागतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्या दप्तराचे ओझेही जड वाटते, म्हणून आपण पालक तक्रार करतो आणि ती योग्यच आहे. परंतु याच वयाच्या मुलाच्या खांद्यावर जगाच्या काही भागांत बंदूक दिली जाते. ती कशी चालवायची हे त्याला शिकविले जाते आणि न चालविल्यास काय होईल हेही डोळ्यांदेखत दाखविले जाते. अशा मुलांना 'बालसैनिक' म्हणतात.

हा शब्द ऐकला की आपल्या मनात आफ्रिकेचे जंगल उभे राहते. आपल्यापासून ते फार दूर आहे, या विचाराने थोडे हायसेही वाटते. मात्र आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या बस्तरच्या अरण्यात, मुलांना सशस्त्र संघर्षात ओढण्याचा प्रकार कित्येक वर्षे घडत आला आहे. हा प्रश्न नेमका काय आहे, तो कसा निर्माण होतो, कायदा काय सांगतो आणि खानदेशात राहणाऱ्या आपला त्याच्याशी काय संबंध, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

बालसैनिक कोणाला म्हणावे?

हातात शस्त्र असलेले मूल म्हणजे बालसैनिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. २००७ साली पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जी तत्त्वे मान्य झाली, त्यांनुसार अठरा वर्षांखालील ज्या कोणत्याही व्यक्तीला सरकारी सैन्याने अथवा सशस्त्र गटाने कोणत्याही कामासाठी भरती केले किंवा वापरले, ती व्यक्ती या व्याख्येत येते. स्वयंपाक करणारा, पाणी व धान्य वाहणारा, निरोप पोहोचविणारा, पोलिसांच्या हालचालींवर नजर ठेवणारा मुलगा आणि लैंगिक शोषणासाठी डांबून ठेवलेली मुलगी या सर्वांचा त्यात समावेश होतो. त्यांतील अनेकांनी एकही गोळी झाडलेली नसते, पण चकमक सुरू झाली की गोळी त्यांनाही तितकीच लागते.

ही व्याख्या व्यापक ठेवण्यामागे कारण आहे. युद्ध थांबल्यावर बंदूक जमा करणाऱ्यालाच मदत मिळेल असा नियम केला, तर सर्वाधिक नुकसान मुलींचे होते. त्यांच्याकडे जमा करायला बंदूक नसते, कडेवर मूल मात्र असते.

संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव दरवर्षी या विषयावर अहवाल प्रसिद्ध करतात. २०२४ या एका वर्षात ७,४०२ मुलांची भरती अथवा वापर आणि ४,५७३ मुलांचे अपहरण झाल्याची नोंद त्यात आहे. हे आकडे पडताळणी झालेल्या घटनांचेच आहेत. जिथे पडताळणी करणारा पोहोचू शकत नाही, तेथील मुले या आकड्यांत नाहीत.

मुलेच का?

मोठी माणसे असताना मुलांना का नेले जाते, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याची उत्तरे अंगावर काटा आणणारी असली, तरी समजून घ्यायला अवघड नाहीत.

पहिले कारण शस्त्रांचे आहे. एके-४७ सारखी बंदूक चारेक किलो वजनाची असते, ती हाताळायला सोपी असते आणि तिची देखभालही फारशी करावी लागत नाही. पूर्वीच्या काळी शस्त्र पेलायला प्रौढाचे बळ लागे, आज ते लागत नाही. दुसरे कारण मुलांच्या स्वभावाचे आहे. मूल थोडक्यात भागवते, पगार मागत नाही आणि मरणाचा पूर्ण अर्थ त्याला उमगलेला नसतो. मोठ्यांच्या शाबासकीसाठी ते धोका पत्करते. शाळेत आणि घरात आपण ज्या आज्ञाधारकपणाचे कौतुक करतो, त्याचाच येथे गैरफायदा घेतला जातो.

तिसरे कारण परतीच्या वाटेशी संबंधित आहे. पळवून आणलेल्या मुलाला अनेक ठिकाणी पहिल्या काही दिवसांतच एखादे क्रूर कृत्य करायला भाग पाडले जाते, तेही शक्यतो त्याच्या स्वतःच्या गावात किंवा पळून जाण्याचा प्रयत्न केलेल्या सोबत्याविरुद्ध. त्यानंतर मूलच म्हणू लागते, "आता मला घरी कोण घेईल?" ही लाज त्याला साखळदंडापेक्षा घट्ट बांधून ठेवते.

चौथे कारण दारिद्र्य आणि उपेक्षा हे होय. बंद पडलेली शाळा, रिकामी चूल, मारले गेलेले वडील किंवा अपमानित झालेली आई अशा परिस्थितीत एखादे मूल स्वतःच्या पायांनीही सशस्त्र गटाकडे जाते. ते 'स्वेच्छेने' आले असे गटाचे लोक मग सांगतात. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नव्हती, त्या बालकाच्या स्वेच्छेला काय अर्थ आहे? म्हणूनच सशस्त्र गटांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय कायदा मुलाच्या संमतीला मान्यता देत नाही.

आबोके येथील ती रात्र

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष ज्या घटनांमुळे वेधले गेले, त्यांपैकी एक घटना कॅथोलिक शाळेत घडली. उत्तर युगांडात आबोके या गावी धर्मभगिनी चालवीत असलेली सेंट मेरीज ही मुलींची निवासी शाळा आहे. त्या काळी जोसेफ कोनी याच्या 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' या बंडखोर गटाने तो प्रदेश दहशतीखाली ठेवला होता. या गटाने वीस वर्षांच्या कालावधीत वीस हजारांहून अधिक मुले पळविली असा अंदाज आहे. पुढे २००३-०४ च्या सुमारास तर खेड्यांतील हजारो मुले रोज संध्याकाळी चालत गुलूसारख्या शहरांत येत, तेथील ओट्यांवर आणि आवारांत रात्र काढीत व पहाटे पुन्हा घरी जात. घरी झोपणे म्हणजे पळविले जाणे, हे त्यांना ठाऊक होते.

१९९६ च्या ऑक्टोबर महिन्यात, युगांडाच्या स्वातंत्र्यदिनाच्या रात्री, बंडखोरांनी आबोकेच्या वसतिगृहात शिरून १३९ मुलींना दोरखंडांनी बांधून नेले. सकाळी उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फासेरा या एका शिक्षकाला सोबत घेऊन त्यांच्या मागावर जंगलात निघाल्या. हाती काहीही नव्हते. त्यांनी बंडखोरांना गाठले आणि त्यांच्या म्होरक्यापुढे मुलींसाठी याचना केली. त्याने १०९ मुली परत दिल्या आणि ३० ठेवून घेतल्या. "त्यांच्याऐवजी मला ठेवा," ही सिस्टरांची विनंती त्याने मानली नाही. १०९ मुलींना घेऊन त्या परतल्या, पण मागे राहिलेल्या तीस मुलींचा आक्रोश पाठीशी घेऊनच. त्या तिसांपैकी काही बंदिवासातच मरण पावल्या आणि बहुतेक जणी पुढील अनेक वर्षांत एकेक करून निसटून आल्या, काही जणी कडेवर लेकरे घेऊन.

या तीस मुलींच्या आईवडिलांनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली. तिच्या एक प्रमुख कार्यकर्त्या अँजेलिना आत्याम या परिचारिका होत्या आणि त्यांची मुलगी त्या तिसांमध्ये होती. त्यांनी हा प्रश्न जगभर नेला. प्रचार थांबविल्यास तुमची मुलगी सोडू, असा निरोप बंडखोरांकडून आल्यावर त्यांनी सर्व मुलींची सुटका मागितली. ते मान्य झाले नाही आणि त्यांनी एकट्या आपल्या मुलीची सुटका नाकारली. आईच्या दृष्टीने याहून कठीण निर्णय कोणता असू शकेल? १९९८ साली त्यांना संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्क पुरस्कार देण्यात आला. त्यांची मुलगी २००४ मध्ये निसटून घरी परतली.

आपल्या शेजारी श्रीलंकेतही हे घडले. तमिळ वाघांच्या संघटनेने शेवटच्या वर्षांत घरटी एक व्यक्ती लढ्यासाठी मागितली. मुले नेली जाऊ नयेत म्हणून आईबापांनी त्यांची कोवळ्या वयातच लग्ने लावून दिली, काहींनी त्यांना घरात लपवून ठेवले.

गडचिरोली : आपल्या राज्यातील प्रश्न

आता आपल्या राज्याकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा, धानोरा, कोरची हे त्यातील तालुके घनदाट अरण्याचे असून तेथे प्रामुख्याने गोंड आणि माडिया आदिवासी बांधव राहतात. १९८० च्या सुमारास तत्कालीन आंध्र प्रदेशातून नदी ओलांडून नक्षलवादी तुकड्या या भागात आल्या. तेंदूपत्ता व बांबूची मजुरी अत्यल्प होती आणि ठेकेदार व काही वनकर्मचारी आदिवासींना लुबाडत होते. त्याविरुद्ध आवाज उठविल्यामुळे या तुकड्यांना आरंभी सहानुभूती मिळाली. पुढे २००४ मध्ये निरनिराळे गट एकत्र येऊन भाकप (माओवादी) हा पक्ष झाला. दक्षिण गडचिरोली आणि बस्तर मिळून त्यांचे 'दंडकारण्य' हे प्रमुख क्षेत्र बनले.

या संघटनेत मुलांना सामील करून घेण्याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने २००८ मध्ये छत्तीसगडमधील परिस्थितीवर प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्यांचे वर्णन आहे. सहा ते बारा वर्षांची मुले 'बालसंघम'मध्ये घेतली जात. तेथे त्यांना पक्षाचा विचार शिकविला जाई, गाणी म्हणून घेतली जात आणि गावात कोण परका आला, पोलीस कोठे आहेत, यावर लक्ष ठेवण्याचे काम दिले जाई. त्यापुढे नाट्यपथक, गावपातळीवरील संघम, सशस्त्र जनमिलिशिया आणि शेवटी 'दलम' अशी चढती भाजणी होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सशस्त्र दलात घेतले जाते, हे माओवाद्यांनी स्वतः नाकारले नव्हते.

ज्या गावात शाळेची इमारत आहे पण गुरुजी नाहीत, तेथे ढोल घेऊन आलेले नाट्यपथक हाच मुलांचा आनंद असतो. गणवेश, दोन वेळचे जेवण आणि 'तू कोणीतरी आहेस' ही भावना त्यांना ओढून नेते. हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग सक्तीचा होता. घरातून एक मूल द्यावे अशी मागणी झाल्याच्या आणि नकार दिल्यास मारहाणीची वा गाव सोडण्याची वेळ आल्याच्या तक्रारी नक्षलग्रस्त राज्यांतून पुढे आल्या. बिहार, झारखंड, छत्तीसगड, ओडिशा यांच्याबरोबर महाराष्ट्राचाही उल्लेख संयुक्त राष्ट्रसंघाच्या काही अहवालांत या संदर्भात झाला आहे.

सत्याला धरून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. छत्तीसगडमध्ये २००५ साली माओवाद्यांविरुद्ध 'सलवा जुडूम' मोहीम सुरू झाली. तिच्यात आणि पोलिसांना मदत करणाऱ्या विशेष पोलीस अधिकाऱ्यांमध्येही अठरा वर्षांखालील मुले वापरली गेल्याचे त्याच अहवालात नोंदविले आहे. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना अशा रीतीने माओवाद्यांविरुद्धच्या मोहिमेत उतरविणे घटनाबाह्य ठरविले. माओवाद्यांनी शाळा सुरुंगाने उडविल्या आणि सुरक्षा दलांनी शाळांत मुक्काम ठोकला. दोन्ही प्रकारांत मुलांची शाळा गेली, आणि शाळा गेलेले मूल कोणाच्याही हाती सापडते.

एप्रिल २०१८ मध्ये भामरागड तालुक्याच्या परिसरात, इंद्रावती नदीच्या काठी, कसनासूर-बोरिया येथे मोठी चकमक झाली. तीत सुमारे चाळीस नक्षलवादी ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्यानंतर गट्टेपल्ली या गावातील आईवडील पुढे आले. आपली मुले-मुली लग्नाला म्हणून गेली होती आणि ती परतली नाहीत, त्यांतील काही अल्पवयीन होती, असे त्यांचे म्हणणे होते. ती नुकतीच दलममध्ये भरती झाली होती, असे पोलिसांचे म्हणणे होते. या वादाचा निवाडा या लेखात करता येणार नाही. परंतु दोन्ही म्हणण्यांच्या मध्ये असलेली वेदना आपण पाहू शकतो. जी मुले आठवड्यापूर्वी घरी होती, ती बंदुकांच्या मध्ये सापडली आणि आईबापांच्या हाती ओळख पटविण्याचे काम तेवढे उरले.

त्यानंतर चित्र पालटू लागले. रस्ते, मोबाईल मनोरे आणि पोलीस ठाणी दुर्गम भागात पोहोचली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी पक्षाचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२३ च्या अहवालात भारताचे नाव वगळण्यात आले होते. या गोष्टी समाधानाच्या आहेत. मात्र ज्यांचे बालपण या संघर्षात गेले, त्यांच्यासाठी हा प्रश्न संपलेला नाही. आज पस्तीस-चाळीस वर्षांचे झालेले अनेक जण शाळेचे तोंड न पाहताच जंगलात गेले होते आणि आता ते प्रथमच आपली सही करायला शिकत आहेत.

बळी की गुन्हेगार?

या प्रश्नातील सर्वांत कठीण भाग हा आहे. बालपणी पळविलेल्या व्यक्तीने पुढे स्वतः अत्याचार केले, तर तिला काय म्हणावे?

कोनीच्या गटातील सेनापती डॉमिनिक ओंगवेन याला तो नऊ-दहा वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवरून पळविण्यात आले होते. तोच मोठेपणी गावेच्या गावे उद्ध्वस्त करणारा आणि मुलांना पळविणारा झाला. द हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला ६१ आरोपांत दोषी ठरवून पंचवीस वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच्या अपहरणाचा विचार शिक्षा ठरविताना करण्यात आला, पण प्रौढपणी केलेल्या कृत्यांची जबाबदारी त्याच्यावरच ठेवण्यात आली. त्याआधी २०१२ मध्ये याच न्यायालयाने आपल्या पहिल्याच निकालात काँगोच्या थॉमस लुबांगा याला पंधरा वर्षांखालील मुलांना सैन्यात घेतल्याबद्दल शिक्षा दिली होती. मुलांची भरती हा स्वतंत्र युद्धगुन्हा आहे, हे त्यामुळे प्रस्थापित झाले.

यातून एक तत्त्व निघते. मूल असताना जे करविले गेले, त्याचा दोष प्रथम करविणाऱ्याचा. आपला बाल न्याय अधिनियम, २०१५ हाही सशस्त्र संघर्षाची झळ पोहोचलेल्या बालकाची गणना 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' म्हणून करतो. असे मूल बाल कल्याण समितीपुढे गेले पाहिजे. त्याच्यावर एखाद्या गुन्ह्याचा आरोप असलाच, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते.

परंतु कायद्याचे कलम घराचे दार उघडू शकत नाही. परतलेल्या मुलाकडे गाव संशयाने पाहते. एका बाजूला तो पोलिसांचा खबऱ्या ठरतो, दुसऱ्या बाजूला नक्षलवादी. त्याच्याकडे ना शाळा सोडल्याचा दाखला असतो, ना जातीचा, ना आधार कार्ड. रात्री तो दचकून उठतो आणि आवाज चढवून बोलले की हात उगारतो. सिएरा लिओनमधील युद्ध २००२ मध्ये संपल्यावर फ्रीटाऊन येथील सलेशियन धर्मबंधूंच्या 'डॉन बॉस्को फाम्बुल' या केंद्राने अशा मुलांसाठी मोठे काम केले. आधी सुरक्षित निवारा, मग हळूहळू बोलते करणे, मग शिक्षण वा कसब आणि शेवटी नातेवाइकांचा शोध घेऊन घरी पोहोचविणे, असा अशा कार्याचा क्रम असतो. त्यातील शेवटची पायरी सर्वांत नाजूक असते, कारण तेथे मुलाबरोबर गावालाही तयार करावे लागते.

गडचिरोलीतही आशेची बेटे आहेत. हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढविलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात १९७६ पासून शाळा चालते. ज्या भामरागडच्या जंगलातून मुले दलममध्ये गेली, त्याच जंगलातील मुले या शाळेतून डॉक्टर आणि शिक्षक झाली. मुलांना बंदुकीपासून दूर ठेवण्याचा याहून खात्रीचा उपाय अद्याप सापडलेला नाही.

कायदा काय सांगतो?

बालहक्क संहितेवर भारताने १९९२ मध्ये मान्यतेची मोहर उमटविली. त्या संहितेत लढाईसाठी किमान वय पंधरा होते. ते अपुरे आहे हे ध्यानात येऊन २५ मे २००० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने एक जोडकरार स्वीकारला आणि तो १२ फेब्रुवारी २००२ रोजी अमलात आला. त्यानुसार अठरा वर्षांखालील कोणालाही प्रत्यक्ष लढाईत उतरविता येत नाही. सशस्त्र बंडखोर गटांना तर अठरा वर्षांखालील कोणाचीही भरती कोणत्याही परिस्थितीत करता येत नाही. व्हॅटिकनने २००१ मध्ये आणि भारताने २००५ मध्ये हा करार मान्य केला. आपल्या सैन्यात साडेसतराव्या वर्षी भरती होता येते, हे खरे. पण ती भरती स्वखुशीची असते आणि अठरा पूर्ण होण्याआधी जवानाला युद्धक्षेत्रात पाठविले जात नाही.

बाल न्याय अधिनियमाचे कलम ८३ आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. केंद्र शासनाने घोषित केलेल्या अतिरेकी गटाने बालकाची भरती केल्यास किंवा त्याला कोणत्याही कामासाठी वापरल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की, कोणत्याही प्रौढाने वा टोळीने बालकाला बेकायदेशीर कामासाठी वापरल्यास तीच शिक्षा आहे. हा दुसरा भाग जंगलापुरता नाही. मुलाच्या हातून चोरी करविणारा, दारू वा अमली पदार्थाची पुडी पोहोचविणारा, दगडफेकीसाठी मुलांना पुढे करणारा आपल्या शहरातील माणूसही त्यात येतो.

चाळीसगावहून पाहताना

आपल्या खानदेशात मुलांना पळवून युद्धाला जुंपले जात नाही, याबद्दल आपण देवाचे आभार मानले पाहिजेत. पण ज्या पोकळीतून ते संकट उगवते, ती पोकळी आपल्याकडे नाही असे म्हणता येणार नाही.

चाळीसगाव तालुक्यातील तांड्यांवरून आणि वस्त्यांवरून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि परततात तेव्हा आखाजी जवळ आलेली असते, शाळेचे वर्ष संपलेले असते. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची शासकीय योजना आहे. ती आपल्या गावात सुरू आहे का, मुले तेथे खरोखर राहतात का, हे विचारणारे कोणी असते का? शाळेच्या हजेरीपटावरून गळालेले नाव हा धोक्याचा पहिला इशारा आहे. गडचिरोलीत त्या मुलाला दलम भेटले. आपल्याकडे त्याला वीटभट्टीचा मालक, हॉटेलवाला, अवैध धंदेवाला किंवा गाडीत भेटलेला 'काका' भेटतो.

चाळीसगाव हे जंक्शन आहे. मुंबई-भुसावळ मार्गावरील गाड्या येथे थांबतात, धुळ्याची गाडी येथूनच सुटते. घरातून पळालेले, पळविलेले किंवा कामासाठी पाठविलेले मूल फलाटावर दिसणे ही विरळ गोष्ट नाही. आपण त्याला नाणे देतो आणि पुढे जातो. त्याऐवजी रेल्वे सुरक्षा दलाला सांगणे किंवा १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे. हा क्रमांक विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असतो. नाव सांगण्याची सक्ती नसते. त्या पाच मिनिटांत एखाद्या मुलाच्या आयुष्याची दिशा बदलू शकते.

आपण काय करू शकतो?

आपल्या हाती असलेल्या गोष्टी लहान आहेत, पण त्या आपल्याच हाती आहेत. शिक्षकांनी सलग आठवडाभर गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी जावे. महिला मंडळाने आणि युवकांनी जवळच्या तांड्यावरील एका कुटुंबाशी नाते जोडावे आणि ऊसतोडीच्या हंगामात त्यांची मुले गावात राहतील असे पाहावे. घरात आणि शाळेत मुलांशी या विषयावर त्यांच्या वयाला झेपेल असे बोलावे. १२ फेब्रुवारी हा दिवस जगभर 'रेड हँड डे' म्हणून पाळला जातो. मुले कागदावर लाल रंगाचा पंजा उमटवून बालसैनिकांच्या वापराविरुद्ध आपले मत नोंदवितात. आपल्या शाळांतही हा उपक्रम सहज घेता येईल.

ख्रिस्तसभा २८ डिसेंबरला हेरोद राजाने मारविलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचे स्मरण करते. ज्या राजाला आपल्या सिंहासनाची भीती वाटली, त्याने बालकांवर तलवार चालविली. आजचे हेरोद तीच तलवार बालकांच्या हाती देतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१६ मध्ये बालसैनिकांची प्रथा जगातून नाहीशी व्हावी, हा आपला प्रार्थनेचा हेतू जाहीर केला होता. तो हेतू आजही पूर्ण झालेला नाही.

सिस्टर राकेले जंगलात निघाल्या तेव्हा १३९ मुलींपैकी किती परत मिळतील, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या केवळ मागावर निघाल्या. आपल्या वर्गातील, वस्तीतील, फलाटावरील एखादे मूल दिसेनासे झाले, तर त्याच्या मागावर निघणारे कोणीतरी असावे. ते कोणीतरी आपण व्हावे, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.